सूर्यवंशी, म्हणजे कोणते?

ताटात भाकरी वाढताना सिंधूचा हात शीलाच्या दंडाला लागला आणि शीलानं हात मागे घेतला. एवढंच झालं. चटका बसल्यासारखा घेतला, मग लगेच काही झालंच नाही अशा थाटात तोच हात पुढे करून तिनं भाकरी मोडली, वरणात बुडवली आणि खाली बघून खाऊ लागली. समोर ग्यानोबा ऑफिसातलं सांगत होता. कोणत्या तालुक्यातून किती टँकरची मागणी आली, साहेब कसे कावून गेलेत, जिल्हा नवा आणि आल्या आल्या दुष्काळ, अजून कपाटं धड लागली नाहीत. त्याला काही दिसलं नव्हतं. त्याला कधीच काही दिसत नाही, असं सिंधूला वाटलं, आणि मग वाटलं, की दिसत असेल आणि बोलत नसेल. ती तव्याकडे वळली. भाकरी फुगली होती, तिच्या कडेनं वाफ सुटत होती, आणि सिंधूच्या बोटांच्या टोकांवर मात्र तो दंड तसाच राहिला होता. सदऱ्याच्या कापडाखाली काहीतरी खरखरीत लागलं होतं. एप्रिलच्या उन्हात, पत्र्याच्या घरात, ही पोरगी बापाचा जुना पूर्ण बाह्यांचा सदरा का घालते? शाळेच्या पोलक्यालाही तिनं स्वतःच्या हातानं लांब बाह्या जोडल्या होत्या. ऊन लागतं म्हणाली होती. आणि आपण शाबासकी दिली होती, शिवण सरळ आलीय म्हणून.

काय झाकून राहिलीय ही?

संशय ही सिंधूला नवी गोष्ट नव्हती. लातूरला आल्यापासून ती त्याच्यावरच जगत होती. जिल्हा झाला तशी उस्मानाबादेहून ऑफिसं आली, ऑफिसांबरोबर कारकून आले, आणि गावातल्या प्रत्येक रिकाम्या खोलीला मागणी आली. ग्यानोबा अव्वल कारकून होता, सिंधू औसा रस्त्यावरच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका. दोघांची सरकारी नोकरी, एकच मुलगी. घरमालकांचे चेहरे आधी फुलत. मग आडनाव विचारलं जाई. सूर्यवंशी म्हटलं, की ते थांबत. ‘सूर्यवंशी, म्हणजे कोणते?’ ग्यानोबा सरळ सांगे. आम्ही बौद्ध. मग खोली कुणा भावाला दिलेली असे, किंवा पुढच्या महिन्यात पाडायची असे. रेल्वे रुळांपलीकडच्या वस्तीत त्यांच्या लोकांची घरं होती, तिथं कुणीही हसत जागा दिली असती. पण सिंधूला तिथं जायचं नव्हतं. एवढं शिकायचं, नोकरीला लागायचं आणि पुन्हा गावाबाहेरच? मग महादेवप्पा भेटले. आडत दुकानवाले, आपल्या वाड्यातल्या खोल्या भाड्यानं देणारे, कपाळावर भस्माचे पट्टे, बोलायला मोकळे. त्यांनी विचारलंच नाही. आपणच म्हणाले, ‘सूर्यवंशी म्हणजे मराठे. चांगलं हाय, चांगलं हाय.’ ग्यानोबानं तोंड उघडलं होतं. सिंधूनं पदर सारखा करण्याच्या निमित्तानं त्याच्या हाताला हात लावला. तो गप्प राहिला. आपण खोटं बोललो नाही, ती त्याला परतताना म्हणाली. म्हणाले ते, आपण नुसतं ऐकून घेतलं.

पण ऐकून घेतलेलं सांभाळावं लागतं. बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर आतल्या खोलीत, कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला गेली. जयंतीला ते गावाकडे, अहमदपूरला गेले, तेव्हा शेजाऱ्यांना लग्नाला जातो म्हणून सांगितलं. आणि पोरीचं नाव. पंचशीला हे नाव सिंधूच्या सासऱ्यांनी ठेवलं होतं, केवढ्या अभिमानानं. ते आता अर्धंच हाक मारण्यात आलं. शीला. शीला कुणाचीही असते. शाळेत पूर्ण नाव लागलेलं होतं, पण महादेवप्पांच्या घरातलं कुणी त्या शाळेत जात नव्हतं, हे सिंधूनं आधी बघून घेतलं होतं. ‘घर जाईल आपलं,’ ती शीलाला म्हणाली होती. ‘ध्यानात ठेव. कुणी विचारलं तर हसायचं आणि विषय बदलायचा.’ आणि मग रोज संध्याकाळी, भाजी निवडताना, वेणी घालताना, ती महादेवप्पांच्या बायकोबद्दल विचारायची. आज गुरम्माकाकू काय म्हणाल्या? तू काय म्हणालीस? त्यांनी तसं का विचारलं? तोंड कसं केलं होतं? कुणाला काही कळलं का? शीला म्हणायची, न्हाई. काही न्हाई. कुणी काही विचारलं न्हाई. सिंधू तिच्या चेहऱ्याकडे बघायची. वर्गात पाटीवरचं गणित खरं सोडवलेलं की शेजाऱ्याचं बघून उतरवलेलं, हे तिला मुलाच्या मानेवरून कळे. शीलाच्या मानेवरून तिला काही कळत नव्हतं. म्हणजे खरंच काही नसेल, ती स्वतःला समजावायची.

त्या जेवणानंतर मात्र तिची नजर बदलली. आधी तिनं मन्मथवर नजर ठेवली. मन्मथ म्हणजे महादेवप्पांचा पुतण्या, कॉलेजला शिकणारा, वरच्या खोलीत राहणारा. तो जिन्यात शीलाला वाट देताना भिंतीला फार चिकटायचा. इतकं अंग चोरायला काय झालं? एकदा त्यानं शीलाला जुनी भूमितीची पुस्तकं आणून दिली होती, तीही हातात नाही, उंबऱ्यावर ठेवून गेला होता. तेव्हा सिंधूला ती मर्यादा वाटली होती. आता तिला त्यात चोरटेपणा दिसू लागला. तिनं शीला न्हाणीत असताना तिचं दप्तर पाहिलं. पुस्तकं, कंपासपेटी, एक शिळा लाडू. गादी उचलून पाहिली. ग्यानोबावरही तिचा संशय गेला. त्यानं मारलं असेल का कधी? पण ग्यानोबा पोरीवर आवाजही चढवत नव्हता. पहिला नंबर काढ, डॉक्टर हो, आपल्यातली पहिली लेडी डॉक्टर हो, एवढंच तो म्हणायचा, आणि ते म्हणताना त्याचे डोळे असे काही व्हायचे, की समोरच्यानं मान हलवण्यापलीकडे काही करायची सोय राहत नसे. मग शाळेतल्या मुली. मग स्वतः गुरम्मा. गुरम्माबद्दल सिंधूला पहिल्यापासून एक कोडं होतं. बाई जाडजूड, चालताना हुश्श हुश्श करणारी. नळ आटले, टँकर कधी येईल त्याचा नेम राहिला नाही, तशी वाड्यातल्या आडाला किंमत आली. तळाशी हातभर पाणी होतं. सिंधू पहिल्यांदा कळशी घेऊन निघाली तेव्हा गुरम्माच पुढे आली. ‘बाई, तुमी नोकरी करून दमून येता. पोरीला लावून देत जा दुपारी. मी शेंदून देते तिला. लहान जीव, चऱ्हाटानं हात सोलतील.’ एवढा कळवळा कशाला, असं सिंधूच्या मनात तेव्हाही आलं होतं. पण घरात दोन हंडे पाणी भरलेलं असलं, की माणूस फार खोलात जात नाही.

मनात गेलेली गोष्ट अंगात उतरते. खेड्यातल्या शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता सिंधूचा खडू थांबायचा. एक दिवस तिनं हेडमास्तरांना डोकं दुखतं सांगितलं आणि लवकरची एसटी धरली. शीलाच्या शाळेच्या फाटकाशीच जाऊन उभं राहायचं आणि कोण बरोबर असतं ते बघायचं, असं तिनं ठरवलं होतं. तिथवर जायची गरज पडली नाही. लातूरच्या स्टँडवर ती उतरली, आणि अहमदपूर-नांदेडच्या गाड्या लागतात तिथल्या बाकावर शीला बसलेली होती. दप्तर मांडीवर, लांब बाह्या मनगटापर्यंत ओढलेल्या. तर मग असं आहे. कुणाची वाट बघतेय? सिंधू उसाच्या रसाच्या गाड्यामागे सरकली. घुंगरांचा आवाज, चिपाडांवर माश्या, पायाखाली तापलेलं डांबर. गाडी लागली, सुटली. शीला कुठल्याही गाडीत चढली नाही, कुणी उतरून तिच्याकडे आलं नाही. मग एक म्हातारी गठुडं घेऊन तिच्याशेजारी बसली आणि बसल्या बसल्या म्हणाली, ‘कुणाची गं तू बाई?’

शीला वळून बसली. सिंधूनं तिला इतकं सरळ बसलेलं कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

‘पंचशीला,’ ती म्हणाली. ‘पंचशीला ग्यानोबा सूर्यवंशी. आमी अहमदपूरकडचे. बौद्ध हाव आमी.’

‘बरं हाय,’ म्हातारी म्हणाली. ‘माज्या गठुड्याकडं ध्यान ठेव जरा. पाणी भेटतंय का बघून येते.’

ती गेली, परत आली, नांदेडच्या गाडीत चढून निघून गेली. तिच्या जागी कडेवर मूल घेतलेली एक बाई बसली. तिनं शीलाला काही विचारलंसुद्धा नव्हतं. शीलानंच बाळाचा पाय धरून हलवला आणि म्हणाली, ‘माझं नाव पंचशीला.’ बाई हसली. शीलाही हसली. मग उठली, दप्तर खांद्याला लावलं आणि घराच्या दिशेनं चालू लागली, पुन्हा तशीच, वाकलेली, बाह्या ओढत.

सिंधूला आधी भीतीच वाटली. ही असं भर स्टँडवर बोलते! महादेवप्पांच्या ओळखीचं कुणी बसलं असतं म्हणजे? गंजगोलाईच्या बाजारातली अर्धी दुकानं त्यांच्या नात्यातली. तिनं घाईघाईनं आजूबाजूला पाहिलं, कुणी ऐकलं का. आणि मग, रसवाल्यानं ‘बाई, एक ग्लास देऊ का’ म्हणून विचारलं तेव्हा, तिला रडू येऊ लागलं आणि ते कशाचं, हे कळेना. संध्याकाळी तिनं विचारलं, ‘शाळा सुटल्यावर कुठं होतीस?’ ‘घरी,’ शीला म्हणाली. ‘सरळ घरी.’ सहज, डोळ्यात बघून. किती चांगलं खोटं बोलते ही, सिंधूला वाटलं. कुणी शिकवलं? तो प्रश्न तिनं अर्ध्यातच सोडून दिला, जसं आपण अंधारात पाय टाकतो आणि पायरी नाही हे कळल्यावर मागे घेतो.

दुसऱ्या दिवशी ती शाळेला निघाली, कोपऱ्यापर्यंत गेली आणि परत आली. मागच्या दारानं आत शिरून आतून कडी लावून बसली. काय बघायचं होतं तिला? मन्मथ आणि शीला जिन्यात. असंच काहीतरी तिच्या मनात होतं. त्या चित्राची तिनं इतकी तयारी केली होती, की मन्मथला कोणत्या शब्दांत फाडायचं तेही जुळवून ठेवलं होतं. दुपारी शीला आली. पुढच्या खोलीत दप्तर टेकल्याचा आवाज झाला, कळशी उचलल्याचा झाला, ती बाहेर गेली. सिंधू स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेली आणि तिनं फळी बोटभर उघडली.

उन्हानं अंगण पांढरं झालं होतं. गुरम्मा आडाच्या कट्ट्यावर उभी होती, पोहरा वर येत होता. शीला कट्ट्याजवळ गेली नाही. अलीकडे, जिथं फरशी संपून माती सुरू होते तिथं तिनं कळशी खाली ठेवली आणि ती दोन पावलं मागे सरून उभी राहिली. कुणी सांगितलं नाही, कुणी हात केला नाही. गुरम्मा पोहरा घेऊन कट्ट्यावरून उतरली, हात उंच धरून तिनं वरून धार सोडली. कळशीच्या काठावर पाणी आपटून शीलाच्या पायांवर उडत होतं. कळशी भरली. गुरम्मा मागे झाली. मग शीला पुढे झाली, कळशी उचलली. ती दाराकडे वळली तसं गुरम्मानं पोहऱ्यात उरलेलं पाणी कट्ट्याच्या कडेवर शिंपडलं, ओंजळीनं, देवापुढे शिंपडतात तसं. एवढ्या दुष्काळात.

खिडकीची फळी सिंधूच्या हातात होती, पण तिला दिसत होता मुखेडकडचा एक आड, निंबाखालचा, आणि त्याच्यापासून लांब उभी असलेली एक परकरी पोर. ती पोर तिनं कधीच कुणाला दाखवली नव्हती. नवऱ्यालाही नाही. ते सगळं संपलं, असं तिनं स्वतःला बजावून ठेवलं होतं. वडिलांनी दीक्षा घेतली, आपण शिकलो, आता आपल्या पोरीला हे बघावं लागणार नाही. पोरगी बघत होती. रोज दुपारी, आई एसटीत बसलेली असताना.

शीला कळशी घेऊन आत आली आणि आईला बघून जागच्या जागी थांबली. पाणी हिंदकळलं.

‘तिला माहीत हाय,’ सिंधू म्हणाली.

शीलानं कळशी खाली ठेवली.

‘कवापासून माहीत हाय?’

‘दिवाळीपासून. अहमदपूरकडचं कुणीतरी आलतं त्यांच्याकडं. त्यांनी सांगितलं.’

‘आन तू मला बोलली न्हाईस! रोज विचारते मी तुला. रोज!’

‘काकू म्हणाल्या, तुझ्या आईला सांगू नको, मी बी आमच्या मालकाला सांगत न्हाई. चऱ्हाटाला तेवढा हात लावू नको म्हणाल्या. मग तुमचं घर राहतंय.’ ती हे सगळं पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसं सांगत होती. ‘तूच म्हणालतीस ना, घर जाईल म्हणून. मग मी तुला काय सांगू? तू विचारायचीस, कुणाला कळलं का. मी म्हणायची, न्हाई. तिकडं काकू विचारायच्या, आईला कळलं का. मी म्हणायची, न्हाई. शाळेत पोरी विचारायच्या, घरी कवा बोलावतीस. मी म्हणायची, आमच्याकडं न्हाई जमत. सगळ्यांना न्हाई न्हाई न्हाई.’ तिचा आवाज फाटला. ‘ते न्हाई म्हटलेलं कुठं जातंय गं आई?’

सिंधू तिच्याजवळ गेली. शीला मागे सरली नाही. डाव्या हाताची बाही तिनं आपण होऊन वर केली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. सिंधूनं पाहिलं. काही खुणा जुन्या होत्या, काही नव्या. पडून झालेल्या नव्हत्या, दुसऱ्या कुणी केलेल्या नव्हत्या. इतके दिवस ती ज्याला शोधत होती, जिन्यात, शाळेत, दप्तरात, तो कुणी नव्हताच. कुणीतरी असता तर बरं झालं असतं, असा एक भयंकर विचार तिच्या मनात येऊन गेला. जाऊन त्याची गचांडी धरता आली असती. ‘का?’ तिच्या तोंडातून निघालं. ‘मला न्हाई सांगता येत,’ शीला भिंतीला म्हणाली. सिंधूनं पुन्हा विचारण्यासाठी तोंड उघडलं. मग मिटलं. ती तिथंच ओल्या फरशीवर बसली आणि शीलाला तिनं आपल्याजवळ ओढलं. बऱ्याच वेळानं शीलाचं डोकं तिच्या खांद्यावर जड झालं.

ग्यानोबा संध्याकाळी आला तेव्हा सिंधूनं सगळं सांगितलं. शीला आतल्या खोलीत पडली होती. तो टोपी हातात घेऊन ऐकत राहिला. मग तो म्हणाला, ‘पाऊस पडेपर्यंत तरी... या दिवसांत कुठं जायचं? पाणी न्हाई गावात. परीक्षाही तोंडावर हाय तिची.’ सिंधू त्याच्याकडे बघत राहिली. हाच माणूस घरोघर सरळ सांगत फिरला होता, आम्ही बौद्ध म्हणून. त्याच्या हाताला हात लावून गप्प कुणी केलं होतं, हे तो आत्ता बोलून दाखवू शकला असता. त्यानं बोलून दाखवलं नाही. ‘तिला विचारू का मी?’ तो दाराकडे बघत म्हणाला. ‘विचारू नका,’ ती म्हणाली. ‘जाऊन नुसतं बसा तिच्यापाशी. नंबराचं काढू नका.’ तो आत गेला. कॉटचा आवाज झाला. काही बोलणं ऐकू आलं नाही. मग नाक ओढल्याचा आवाज आला, आणि तो पोरीचा नव्हता.

सकाळी, लख्ख उजेडात, सिंधू गुरम्माकडे गेली. गुरम्मा ओसरीवर शेवया वळत होती. सिंधू काय बोलणार हे तिला तोंडावरूनच समजलं असावं, कारण तिनं परात बाजूला सारली.

‘काल पाहिलं मी खिडकीतून,’ सिंधू म्हणाली. ‘माझ्या लेकराला तुमी लांबून पाणी घालता.’

‘घालते की!’ गुरम्मा म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, नवल होतं. ‘घालते म्हणून तर तुमच्या घरात पाणी हाय, बाई. आमच्या मालकाला कळलं असतं तर त्याच दिशी सामान बाहेर आलं असतं. मी झाकलं. माझ्या देवाचं माझं मी बघितलं, रोज पाणी शिंपडून घेतलं, पन तुमाला बाहेर काढलं न्हाई. दुसरी असती तर गावभर केलं असतं. पोरगी गुणाची हाय, शब्दानं बोलली न्हाई कवा.’

‘पोरगी अंगावर काढून राहिली ते,’ सिंधू म्हणाली. ‘तिला काय झालंय तुमाला ठाऊक न्हाई.’

गुरम्माचा हात गळ्यातल्या लिंगाकडे गेला. ‘काय झालंय?’ तिनं विचारलं, आणि त्या विचारण्यात खरी काळजी होती, हेच सिंधूला सहन झालं नाही. ‘आता मला पापीण ठरवू नका,’ गुरम्मा हळू आवाजात म्हणाली. ‘झाकायला तुमीच शिकवलं न्हवं तिला? मी नंतर आले.’

सिंधूला तिचा राग आला, त्या रागावर पाय रोवून उभं राहता येईल इतका आला. तरी ते वाक्य तिच्यासोबत अंगण ओलांडून घरात आलं. त्याच आठवड्यात त्यांनी घर सोडलं. महादेवप्पांना ग्यानोबानं स्वतः सांगितलं, आम्ही कोण ते, आणि म्हणून जातो असं. महादेवप्पा ऐकून दुकानाकडे निघून गेले. मन्मथ सामान गाडीवर चढवायला खाली आला. त्यानं कपाट एका बाजूनं धरलं, दार उघडलं, आतली तसबीर दिसली, त्यानं दार हलकेच लावून घेतलं. त्याला माहीत होतं की नव्हतं, हे सिंधूला शेवटपर्यंत कळलं नाही. जिन्यात त्याचं अंग चोरणं लाजेचं होतं की विटाळाचं? आता त्याच्या कपाळावर घाम होता आणि तो नीट चालत होता, एवढंच तिला दिसलं.

रुळांपलीकडच्या वस्तीत एक खोली मिळाली. केरबा म्हणून ग्यानोबाच्या ऑफिसातला शिपाई होता, त्याच्या शेजारची. पाण्याला टँकरची रांग, रांगेत भांडणं, पत्रा तसाच तापलेला. शीला तिथं आल्यावर बरी झाली असं काही झालं नाही. वस्तीतल्या पोरींशीही ती बोलेना. सदरा तोच. सिंधू भाकऱ्या करताना, कपडे वाळत घालताना कान देऊन असायची; खोलीत फार वेळ शांतता झाली की हातातलं काम टाकून आत डोकावायची, आणि शीला मान वर करून अशा नजरेनं बघायची, की पुन्हा पाळत का? एका बाई डॉक्टरचं नाव सिंधूच्या शाळेतल्या सहकारी शिक्षिकेनं सांगितलं होतं. वयस्कर, हैदराबादेत शिकून आलेल्या. त्यांनी शीलाला एकटीला आत घेतलं आणि सिंधूला बाहेर बसवलं. बाकावर बसून सिंधू हिरव्या पडद्याकडे बघत राहिली. काय बोलत असेल? आपल्याबद्दल सांगत असेल? ही डॉक्टरीण कोण, कुणाची? तिच्या तोंडून बाहेर गेलं म्हणजे? तिला स्वतःचीच शिसारी आली, तरी कान पडद्याकडेच राहिले. आतून शीलाचा आवाज येत होता, शब्द नाही, नुसता आवाज, सलग. इतकं सलग ती घरात कधी बोलली होती? मग डॉक्टरबाई बाहेर आल्या. ‘जखमांना मलम दिलंय,’ त्या म्हणाल्या. ‘दर आठवड्याला घेऊन या, बोलायला. घरात एकटी राहू देऊ नका. पण झडतीही घेऊ नका. दोन्ही जमवायचं. अवघड आहे, मला माहिती आहे.’ सिंधूनं मान हलवली. ‘तिला वेड तर न्हाई ना लागलं?’ ‘नाही,’ त्या म्हणाल्या. ‘तिच्या वयाला पेलवणार नाही एवढं तिनं एकटीनं धरलं होतं.’

दवाखान्यातून परतताना मायलेकी चालत निघाल्या. रिक्षा होत्या, पण शीला चालू लागली म्हणून सिंधूही. रस्त्याच्या कडेची झाडं धुळीनं करडी झाली होती, बैलगाड्या रिकामी पिपं घेऊन चालल्या होत्या. शीला दोन हात पुढे. सिंधूच्या जिभेवर प्रश्न येत होते. काय विचारलं त्यांनी? तू काय सांगितलंस? माझं काही काढलंस का? एकेक प्रश्न ती गिळत होती. रुळांचं फाटक बंद होतं. दोघी थांबल्या. गाडी अजून दिसत नव्हती. शीला फाटकाच्या दांडीवर हात ठेवून, तिच्याकडे न बघता म्हणाली,

‘आई, तुला कुणी असं वरून पाणी घातलंतं का? ल्हानपणी?’

न्हाई. शब्द अगदी ओठांशी आला. इतक्या वर्षांचा सराव होता त्याला. सिंधूनं दांडी घट्ट धरली. लोखंड तापलं होतं.

‘हाव,’ ती म्हणाली.

शीला वळली.

‘मुखेडला. तुझ्या आजोळी. पाटलाच्या निंबाखाली आड होता. माय कामाला जायची, पाण्याला मी. उभं राहायचं. कुणी बाई आली, तिच्या मनात आलं, तर घालायची. ओंजळीत प्यायचं तर कोपरापसून गळायचं सगळं. एकदा एकीनं...’ ती थांबली. पलीकडे कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं. ‘मग मी पाणी प्यायचंच सोडलं. तहानच लागत न्हाई म्हणायची. माय कौतुकानं सांगायची सगळ्यांना, आमच्या सिंधूला पाणी लागत न्हाई म्हणून. एक दिवस शाळेत चक्कर येऊन पडले.’

‘मग?’

‘मग मास्तरांनी पाजलं. त्यांच्या तांब्यातून. पन मायला मी सांगितलं न्हाई, काऊन पडले ते.’

गाडी आली. डबे धडधडत, एकामागून एक, मालगाडी होती, लांबच लांब. त्या आवाजात काही बोलणं शक्य नव्हतं. शीला आईकडे बघत होती, नव्या माणसाकडे बघावं तशी. शेवटचा डबा गेल्यावर धूळ खाली बसेपर्यंत दोघींनी डोळे बारीक केले होते.

‘मला हे कवाच सांगितलं न्हाईस,’ शीला म्हणाली.

‘मला वाटलं, तुला लागंल.’

फाटक वर गेलं. माणसं, सायकली, पिपांच्या गाड्या एकदम पुढे घुसल्या. त्या गर्दीत शीला थांबली, आई तिच्या बरोबरीला येईपर्यंत थांबली, आणि मग म्हणाली, ‘त्या एकीनं काय केलतं? मघाशी सांगता सांगता ऱ्हायलं.’

सिंधू रूळ ओलांडता ओलांडता सांगू लागली.